नव्या रंगाखाली जुनी ओल: घर ताब्यात आल्यावर उघड झालेले दोष

उंबरठा:

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

आम्ही नुकतंच एक जुनं घर घेतलं. तळमजला, वर एक मजला, त्यावर गच्ची. ताबा मिळाला तेव्हा घर चकाचक होतं. सगळीकडे ताजा रंग, वरच्या न्हाणीघराला फॉल्स सीलिंग, हॉलच्या एका भिंतीला प्लायचं नवंकोरं पॅनेलिंग. पहिला जोराचा पाऊस झाला आणि त्या पॅनेलिंगच्या खालच्या पट्टीतून पाणी झिरपायला लागलं. सुताराला बोलावून दोन फळ्या काढल्या. मागे भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा फुललाय, हात लावला की प्लास्टरचा भुगा पडतो. त्याच्याही वर, पार छतापर्यंत, हिरवट-काळे ओघळ. हे एका पावसाचं काम नाही हे मलाही कळतं.

मग शंका आली म्हणून न्हाणीघराच्या सीलिंगचा तुकडा उतरवला. स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात. आणि मधोमध सिमेंटने लिंपलेलं मोठं ठिगळ आहे. म्हणजे कुणीतरी हे बघितलं, लिंपलं आणि मग झाकलं.

घर बघायला गेलो तेव्हा मी सरळ विचारलं होतं, कुठे गळतं का? विकणारे म्हणाले होते, "अजिबात नाही, गेल्याच वर्षी सगळं करून घेतलंय." आता फोन केला तर म्हणतात, "आम्ही होतो तोवर काही नव्हतं." घरात लहान मुलं आहेत. गवंडी म्हणतोय, उद्या येतो आणि सगळं खरवडून नवं प्लास्टर करून देतो. आधी दुरुस्ती करू की आधी यांच्या मागे लागू?

ओळंबा:

गवंड्याला थांबवा. आधी जीव, मग पुरावा, प्लास्टर सगळ्यात शेवटी.

ते न्हाणीघर आजपासून बंद करा, मुलांना आत जाऊ देऊ नका. सैल झालेलं काँक्रीट पडण्याआधी सूचना देत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. स्लॅबला खालून टेकू द्यायचा की नाही हे त्याने ठरवायचं, गवंड्याने नाही. गवंडी कितीही अनुभवी असला तरी गंजलेल्या सळईत किती जीव उरलाय हे सांगणं त्याचं काम नव्हे.

आता भिंतीबद्दल. तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ती भिंतच आहे. तिच्यावर काय कोणत्या क्रमाने चढलं हे थरांमध्ये स्पष्ट दिसतं. आधी ओलीचा डाग, त्यावर वॉटरप्रूफिंगचा हात, त्यावर पुट्टी, त्यावर रंग, शेवटी प्लाय. असा क्रम निघाला तर डाग आधीचा आणि झाकणं नंतरचं हे सिद्ध करायला कुणाची साक्ष लागत नाही. उद्या खरवडून टाकलंत की राहील फक्त तुमचा शब्द आणि त्यांचा शब्द.

तेव्हा निदान हातभर रुंदीचा एक पट्टा जमिनीपासून छतापर्यंत जसाच्या तसा राखून ठेवा. शेजारी मोजपट्टी धरून लांबून आणि जवळून फोटो काढा. उतरवलेल्या फळ्या टाकू नका. त्यांच्या मागच्या बाजूला ओल किती उंच चढलीय, खिळे किती गंजलेत, हे सगळं बोलकं असतं. ठिगळाचा निघालेला तुकडा पिशवीत घालून त्यावर तारीख लिहा. सीलिंग उतरवताना सलग व्हिडिओ घ्या.

केतकी_व:

बाप रे, वाचूनच धस्स झालं. ताई, आधी मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. आणि ओळंबादादा म्हणतात तसं फोटो काढालच, ते लगेच घरातल्या दुसऱ्या कुणाला पाठवून ठेवा. फोन बिघडला तर सगळंच जायचं.

वाटसरू:

वाईट वाटेल, पण स्पष्ट लिहितो. विकणारा आपल्या घराच्या उणिवा कशाला सांगत बसेल? बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. ताजा रंग दिसला तेव्हाच शंका यायला हवी होती. आता भांडण्यात वर्षं घालवण्यापेक्षा दुरुस्ती करा आणि मोकळे व्हा.

तळटीप:

वाटसरू, तुम्ही लिहिलंय तो विचार जुना आहे आणि इंग्लंडमधल्या कायद्यात तो बराच काळ टिकला: घेणाऱ्याने सावध राहावं. पण त्याच्याही आधी प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे अधिकारी गुरं विकणाऱ्याला त्यांचे रोग आणि खोडी आधी जाहीर करायला लावत. म्हणजे विकणाऱ्याने गप्प बसावं हा काही सृष्टीचा नियम नाही.

आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची कर्तव्यं दिलीत आणि त्यातलं पहिलंच हे आहे: मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला असा महत्त्वाचा दोष उघड करायचा, जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्याला सापडला नसता. हे न सांगणं कपटाचं मानलं जाईल असंही त्याच कलमात म्हटलंय. मात्र कलमाची सुरुवात "विरुद्ध करार नसेल तर" अशी आहे, त्यामुळे उंबरठाताई, तुमचा खरेदीखताचा मसुदा शब्दन् शब्द वाचून घ्या.

इतर देशांतही वारं त्याच दिशेचं आहे. फ्रान्सच्या नागरी संहितेत छुप्या दोषांसाठी कलम १६४१ आहे, आणि दोष सापडल्यापासून २ वर्षांत दाद मागावी लागते. जर्मनीत विकणाऱ्याने "कुठलीही जबाबदारी घेत नाही" असं करारात लिहून घेतलं तरी दोष कपटाने लपवला असेल तर त्याला त्या वाक्याचा आधार घेता येत नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेलं घर विकताना शिशाच्या रंगाबद्दल असलेली माहिती लेखी द्यावीच लागते.

आणि उंबरठाताईंच्या गोष्टीशी हुबेहूब जुळणारा एक खटला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयात १९८५ मध्ये निकाली निघाला. घेणाऱ्या बाईंना खिडकीच्या कोपऱ्यात प्लास्टरचे पोपडे आणि छतावर डाग दिसले होते. त्यांनी विचारलं. विकणारे म्हणाले, खिडकीचा किरकोळ त्रास होता, तो कधीच दुरुस्त केला; छतावरचे डाग वॉलपेपरच्या गोंदाचे आणि तुळया हलवल्याचे. पुढे जोराचा पाऊस झाला आणि खिडकीच्या चौकटीतून, छतातून, दिव्यांच्या जागांमधून पाणी घरात आलं. न्यायालयाने निकाल घेणाऱ्यांच्या बाजूने दिला. घराच्या किमतीवर परिणाम करणारी आणि सहज नजरेस न येणारी गोष्ट विकणाऱ्याला माहीत असेल तर ती सांगणं त्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

"साधारण काळजी" म्हणजे घर बघायला आलेल्याने पॅनेलिंग उचकटून बघावं असा अर्थ होत नाही. उंबरठाताईंनी तोंडाने विचारलं होतं, त्यांना उत्तर मिळालं होतं. याहून जास्त काळजी ती काय असते?

पन्हळ:

तळटीप यांना अनुमोदन. आमच्या मागच्या अंगणातलं ड्रेनेजचं चेंबर चक्क फरशीखाली गाडलं होतं, वर कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. घर बघायला आलेला माणूस कुंड्या हलवत नाही. पाणी तुंबून न्हाणीतून उलटं आलं तेव्हा शोध लागला. फरशीखाली झाकण जागेवर होतं, पण उघडायची सोयच ठेवली नव्हती. हे अनवधानाने होत नाही, इतकंच सांगतो.

निळाई:

दुसरी बाजूही लिहिते. आमच्या घरात भिंतीतला पाइप आतल्या आत झिरपत होता. विकणाऱ्या आजी कित्येक वर्षं मुलीकडे राहत होत्या, घर बंदच होतं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. आम्हीही रागारागाने वकिलाकडे गेलो होतो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "त्यांना ठाऊक होतं हे कशावरून?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. दुरुस्ती आम्हीच केली, आणि ते बरोबरच होतं. उंबरठा, तुमच्या विकणाऱ्यांनीही ते घर कुणाकडून तरी घेतलेलं असेल तर? ठिगळ त्यांच्याही आधीचं असू शकतं.

तळटीप:

निळाईताईंनी नेमका मुद्दा काढलाय. दोष होता एवढ्याने भागत नाही. त्यांना तो माहीत होता हे दाखवावं लागतं. एक धागा मात्र विकणाऱ्यांनीच तुमच्या हातात दिलाय: "गेल्याच वर्षी सगळं करून घेतलंय." सीलिंग आणि पॅनेलिंग त्यांनीच बसवून घेतलं असेल, तर बसवताना मागचं दिसल्याशिवाय राहिलेलं नाही. हे वाक्य कुणासमोर बोलले? मेसेजमध्ये आहे का? घराच्या जाहिरातीत "नूतनीकरण केलेलं" असं काही होतं का? ते सगळं जपून ठेवा. कामं कुणी केली तेही शोधा.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. न्हाणीघर बंद केलंय, गवंड्याला नको म्हणून सांगितलं.

एक गोष्ट सापडली, ती लिहिते. उतरवलेल्या फळ्या ओळंबादादांच्या सांगण्यावरून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. फोटो काढताना एका फळीच्या मागे पेन्सिलने लिहिलेली मापं दिसली, आणि खाली सुताराचं नाव आणि फोन नंबर. फोन लावला. माणूस भला निघाला. म्हणाला, "ताई, भिंत तेव्हाच ओली होती. मी म्हटलं होतं, आधी वाळू द्या, नाहीतर प्लाय कुजेल. ते म्हणाले, घर विकायचंय, तू लावून टाक."

फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते. आपण ज्यांच्यावर विश्वास ठेवून आयुष्यभराची पुंजी ओतली, त्यांनी हे ठरवून केलं.

घरमालक बदलल्याबद्दल निळाईताईंनी विचारलंय. हे घर विकणाऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं, विकणारेच पहिल्यापासून तिथे राहत होते.

तळटीप:

हे फार महत्त्वाचं आहे. त्या सुताराने जे सांगितलं ते त्याच्याकडून तारखेसह लिहून, सही करून घ्या, आणि लवकर घ्या. दबाव आणू नका, पैसे देऊ करू नका, त्याच्या तोंडी शब्द घालू नका. काम कधी केलं, भिंत कशी दिसली, काय बोलणं झालं, एवढंच. फळी अजिबात पुसू नका.

आणखी एक. मुदत कायदा १९६३ च्या कलम १७ प्रमाणे कपट झालं असेल तर दाव्याची मुदत ते कपट उघड झाल्यापासून, किंवा साधी तत्परता दाखवली असती तर उघड झालं असतं तेव्हापासून मोजतात. म्हणून उघड कधी झालं याची नोंद असणं तुमच्या हिताचं आहे, आणि त्यानंतर स्वस्थ बसणं अहिताचं.

साधा_माणूस:

प्रश्न आहे. रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्यात, ५ वर्षांची हमी असते ना? ती इथे लागू होत नाही का?

तळटीप:

नाही. रेरा कायद्याच्या कलम १४ मधली ५ वर्षांची जबाबदारी प्रकल्प बांधून विकणाऱ्या प्रवर्तकावर आहे. जुनं घर मालकाकडून घेतलं तर ती लागत नाही.

ओळंबा:

कायद्याचं मार्गी लागतंय, आता पाण्याचं बोलू. कारण दावा जिंकलात आणि पाणी कुठून येतं हे कळलंच नाही, तर नवं प्लास्टरही दोन पावसाळ्यांत गळून पडेल.

तुमच्या वर्णनावरून मला दोन वेगळी पाणी दिसतायत. कमरेपर्यंतचा लोणा ही बहुतेक जमिनीतून चढणारी ओल. विटेतली बारीक छिद्रं पाणी वर खेचतात. साधारण मीटरभर चढल्यावर ते पृष्ठभागातून उडून जातं आणि त्यातले क्षार मागे राहतात, तोच लोणा. जोत्यात ओल अडवणारा थर नसेल, किंवा बाहेरची माती अथवा फरसबंदी त्या थराच्या वर चढली असेल तर हे होतं. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन बघा. जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालीय का? तसं असेल तर भिंतीलगतचा भराव खाली नेणं हा पहिला उपाय, आणि तो रसायनांपेक्षा स्वस्त आहे. आतून वॉटरप्रूफ रंग मारणं हा उपायच नाही. कोंडलेलं पाणी वरच्या विटांकडे वाट काढतं.

पण छतापर्यंतचे ओघळ जमिनीतून येऊ शकत नाहीत. ते गच्चीचं, कठड्याच्या सांध्याचं किंवा पाइपचं पाणी. हे वेगळं करायला आधी घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा हलत असेल तर पाइप फुटलाय. कोरड्या हवेतही भिंत तितकीच ओली राहत असेल तरी संशय पाइपवर. पावसानंतर ओल वाढत असेल तर गच्ची.

गच्ची तपासायची रूढ पद्धत म्हणजे तोट्या बुजवून २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवायचं. तुम्ही हे करू नका! ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, आणि ते तुमच्या त्या गंजक्या सळयांच्या डोक्यावर. त्याऐवजी होजपाइपने भिंतीवर खालून वर, टप्प्याटप्प्याने पाणी मारा. एक टप्पा पुरेसा वेळ भिजवायचा, आत बघायचं, मग वर सरकायचं. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

स्लॅबचं थोडक्यात. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर, आणि त्यामुळे आतल्या लोखंडावर संरक्षक पापुद्रा टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की पीएच उतरतो. ९ च्या आसपास आला की तो पापुद्रा राहत नाही आणि ओल मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून सुटतं. इंजिनिअर ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन फवारेल. गुलाबी झालं तो भाग अजून चांगला, रंग आला नाही तो भाग गेलेला. गंज न काढता वरून लिंपलेलं ठिगळ काही वर्षांत पुन्हा सुटतं. त्याने फक्त दिसणं सुधारतं.

सुईदोरा:

आम्ही पुढच्या आठवड्यात एक जुनं घर बघायला जातोय आणि हा धागा वाचून झोप उडालीय. बघताना काय बघू?

ओळंबा:

सगळं घर नवं रंगवलं असेल तर फार काही कळत नाही. एकच भिंत किंवा एकाच खोलीचं छत नवं असेल तर तिथे थांबा आणि का ते विचारा. बंद कपाटं उघडा, आत नाक घाला. कुबट वास रंगाने जात नाही. फॉल्स सीलिंग असेल तर दिव्याचं एक भोक मोकळं करून टॉर्चने वर बघू द्या म्हणावं. साफ नकार मिळाला तर तेही एक उत्तर आहे. भिंतींवर, टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करत जा, पोकळ जागा लगेच बद्द वाजते. दाराच्या चौकटी खालून तपासा, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. भेगांना घाबरू नका, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि एका टोकाला रुंद झालेली भेग दिसली तर इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका. जमलं तर एकदा पाऊस पडत असताना किंवा पडून गेल्यागेल्या जा.

तळटीप:

आणि प्रश्न लेखी विचारा. "गळती, वाळवी, भेगा, ड्रेनेज, वायरिंग यांत आजवर काय त्रास झाला आणि काय दुरुस्त केलं?" असा मेसेज करा. प्रामाणिक माणूस सरळ उत्तर देतो. लपवणारा टाळतो किंवा खोटं लिहितो, आणि ते लिहिलेलं राहतं.

उंबरठा:

इंजिनिअर येऊन गेले. टेकू लावले. स्लॅबचा तेवढा भाग फोडून नव्याने करावा लागेल म्हणाले, बाकीचा चांगला आहे. फिनॉल्फ्थॅलिन मारल्यावर ठिगळाच्या भोवती काहीच रंग आला नाही, भिंतीजवळ मात्र गडद गुलाबी झालं. लेखी अहवाल देणार आहेत. सुताराने सही करून दिलंय.

विकणाऱ्यांना पत्र लिहितेय. मसुदा असा: "आपण आमची घोर फसवणूक केली असून, आठ दिवसांत सर्व खर्च न दिल्यास आम्ही आपल्यावर फौजदारी करू."

तळटीप:

राग समजतो, आणि तो रास्त आहे. तरीही "घोर फसवणूक" आणि फौजदारीची धमकी काढा. त्याजागी घडलेलं लिहा: अमुक तारखेला ताबा, तेव्हा विचारलेला प्रश्न, मिळालेलं उत्तर, अमुक तारखेला काय आढळलं, सोबत फोटो आणि इंजिनिअरचा अहवाल. मग लिहा की कायमची दुरुस्ती सुरू करण्याआधी आपण किंवा आपला तज्ज्ञ येऊन पाहणी करू शकता, त्यासाठी अमुक तारखेपर्यंत कळवावं. हे वाक्य गाळू नका. नंतर "आम्हाला बघूच दिलं नाही" म्हणायला त्यांना जागा उरायला नको. टेकूसारखं तातडीचं काम यासाठी थांबवायची गरज नाही, त्याची बिलं ठेवा. कायमच्या दुरुस्तीचे दोन वेगवेगळ्या ठेकेदारांचे लेखी अंदाज घ्या. सुताराचं निवेदन मात्र आत्ता जोडू नका, ते तुमच्या वकिलांकडे राहू द्या. पत्रही त्यांच्यामार्फतच जाऊ द्या.

उंबरठा:

तसं बदललं. वकिलांनी पाहणीची तारीख घालून पत्र पोचपावतीसह पाठवलंय. बाहेरची जमीन मोजली, मागच्या बाजूने ती आतल्या फरशीपेक्षा वीतभर उंच निघाली. भराव काढायला माणसं येतायत. होजपाइपची तपासणी झाली की पाणी कुठून शिरतंय ते लिहिते.

ओळंबा:

भराव काढताना भिंतीलगत एकदम खोल खणू देऊ नका, पाया उघडा पडेल. जोत्याच्या खाली वीतभर गेलं की थांबायचं आणि उतार घरापासून बाहेर ठेवायचा.